स्क्रीन काळवंडली तेव्हा

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात लॅपटॉप आला. गावातून पुण्याला स्थायिक झालेल्या एका जुन्या वाचकाने तो देणगी दिला, सोबत एक प्रिंटर. मी या तालुक्याच्या गावातल्या क वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे बसते आहे. दाखलनोंद वहीतली या काळातली प्रत्येक ओळ माझ्या हातची आहे: दाखल क्रमांक, लेखक, पुस्तक, प्रकाशक, किंमत, कुणाकडून आलं. मोबाइलवर व्हॉट्सॲप बघते तेवढं सोडलं तर या यंत्रांशी माझा संबंध आला नव्हता. कार्यकारिणीने ठरवलं की वर्षभरात सगळी यादी संगणकावर घ्यायची, आणि ते काम माझ्याकडे आलं.

चौथ्याच दिवशी ते झालं. प्रिंटर चालू करण्यासाठी काहीतरी बसवायचं होतं. अभ्यासिकेतल्या एका मुलाने दाखवलेल्या फाइलवर मी दोनदा क्लिक केलं आणि अख्खी स्क्रीन काळवंडली. मागचं सगळं दिसत होतं, पण संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर ट्यूब दिसते तसं. मधोमध एक चौकट उजळ. तिच्या माथ्यावर निळी पट्टी, खाली इंग्रजीत एक प्रश्न, आणि ‘येस’, ‘नो’ अशी दोन बटणं. प्रश्नाचा अर्थ मी जुळवला तो असा: या प्रोग्रामला तुमच्या यंत्रात बदल करू द्यायचे का?

छातीत धस्स झालं. बदल म्हणजे कसला? चार दिवसांपूर्वी ज्याला हार घालून आम्ही फोटो काढला होता, त्या वस्तूत मी काय बदलून बसणार होते? मागच्या खिडकीवर क्लिक करून पाहिलं, काही हलेना. जणू त्या चौकटीपलीकडचं सगळं काचेआड गेलं होतं. स्क्रीनचं चित्र काढून ठेवायचं बटण अभ्यासिकेतल्या मुलीने आदल्याच दिवशी शिकवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा संगणकातच काम करतो. त्या भाच्याला पाठवावं म्हणून ते दाबलं, पण चित्र उमटलंच नाही. शेवटी मोबाइलने लॅपटॉपचाच फोटो काढला, हात कापत होता म्हणून तोही हललेला आला. भाचा कामात होता. मी चालू-बंदचं बटण दाबून धरलं आणि यंत्र बंद करून घरी गेले.

पुढच्या पंधरवड्यात हा प्रश्न पाच-सहा वेळा पुढे आला. पीडीएफ वाचायचा प्रोग्राम घेताना, स्कॅनिंगचा घेताना, प्रिंटरसाठी पुन्हा. दर वेळी काम थांबायचं आणि मी कुणाला तरी हाक मारायची. परीक्षा दिल्यासारखं वाटायचं, आणि उत्तर कशावरून द्यायचं तेच कळायचं नाही.

मग प्रिंटरची शाई भरायला बाजारपेठेतल्या दुकानातला मुलगा आला. त्याच्यासमोरच स्क्रीन मंद झाली. तो म्हणाला, “मॅडम, ही कटकट बंद करून देतो. आम्ही सगळ्यांची बंदच करतो.” त्याने कुठूनशी एक खिडकी उघडली. तिच्यात एक उभी दांडी, दांडीला चार खाचा आणि वरखाली सरकणारं बटण. बटण वरून दुसऱ्या खाचेत होतं, ते त्याने सरळ तळाला ओढलं. ते करतानाही स्क्रीन एकदा काळवंडली आणि यंत्राने विचारलं, हे करायचं का? त्याने पाहिलंही नाही, ‘येस’ दाबलं. मला हायसं वाटलं. मी त्याला चहा दिला.

त्या शेवटच्या प्रश्नाचा विचार मी आजही करते. यंत्र विचारत होतं की यापुढे तुम्हाला विचारू नको का, आणि उत्तर देणारा ज्यांचं यंत्र त्यांच्यातला कुणीच नव्हता.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग जुन्या यादीचा प्रश्न आला. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या पहिल्या तीन हजार पुस्तकांची यादी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती. ती फाइल पेनड्राइव्हवर मिळाली, पण उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणा. ज्यांनी त्या काळात मराठी छपाईचं काम केलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे. युनिकोड रुळायच्या आधीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरं बसवायचे. तो फाँट हाताशी नसला की मजकूर असून वाचता येत नाही. तीन हजार नोंदी पुन्हा टाइप करायच्या, की त्या आपोआप बदलून घ्यायच्या? मी शोधलं. एका संकेतस्थळावर ‘मोफत’ असं लिहिलेलं मोठं हिरवं बटण होतं. फाइल उतरली, मी दोनदा क्लिक केलं, एक काळी खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. स्क्रीन मंद झाली नाही. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर वेगळंच पान. मजकुराच्या मधेमधे जाहिराती. कोपऱ्यात लाल पाटी, ‘तुमच्या संगणकात ३७ विषाणू आहेत’, आणि ते घालवण्यासाठी पैसे भरा. यंत्राचा पंखा सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरघरत राहिला. मी ‘ग्रंथ’ टाइप करायची, आणि अक्षरं श्वास घेऊन एकेक उमटायची. बसवलेल्या प्रोग्रामांच्या यादीत चार नावं अशी होती की मी ती कधी वाचलीही नव्हती. एक काढून टाकलं, तर यंत्र पुन्हा चालू केल्यावर ते परत जागेवर.

शनिवारी भाचा पुण्याहून आला. तासभर त्याने काहीबाही उघडून पाहिलं. मग विचारलं, “मावशी, हे बसवताना यंत्राने तुला विचारलं नाही?”

“नाही रे. मागे विचारायचं, आता नाही विचारत.”

त्याने ती चार खाचांची खिडकी उघडली. बटण तळाला. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “राखणदारालाच झोपवलंय कुणीतरी.”

यादीची फाइल त्याने आधी बाजूला काढली, ती बचावली. बाकी सगळं पुसून विंडोज नव्याने बसवावं लागलं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेलेच असं धरून चाललो. वाचनालयाच्या ईमेलचा बदलला, बँकेत जाऊन कळवलं. आठ दिवस काम बंद. पैसे गेले नाहीत, पण ज्या ईमेलवरून वर्षानुवर्षं सभासदांशी पत्रव्यवहार होतो ते आपल्यामुळे उघडं पडलं असेल, हे मनातून जात नव्हतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर भाच्याने मला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने दोन-तीन तऱ्हेने सांगून पाहिलं, पण मला कळलं ते आमच्याच कपाटावरून.

वाचनालयात दुर्मिळ ग्रंथांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली दिवसभर माझ्या ड्रॉवरमध्ये असते. पण किल्ली माझ्याकडे आहे म्हणून मी कपाट सकाळी उघडून संध्याकाळी लावत नाही. कुणी जुना अंक मागितला की उठायचं, कोण मागतंय ते बघायचं, उघडायचं, द्यायचं, पुन्हा लावायचं. बाकी दिवसभराची देवघेव टेबलावरच्या पुस्तकांवर चालते. विंडोजही तसंच करतं. लॅपटॉपवर माझ्या खात्याला सगळे हक्क होते, प्रशासकाचे. तरी मी आत आले की यंत्र माझ्या नावाचे दोन परवाने बनवतं, एक साधा आणि एक पूर्ण. टायपिंग, ब्राउझर, चित्रं बघणं, सगळं साध्यावर चालतं. पूर्ण परवाना कुलपात. एखाद्या प्रोग्रामला यंत्राच्या गाभ्यात हात घालायचा असला, सगळ्यांसाठी काही बसवायचं असलं, यंत्र चालू होताच आपोआप मागे चालणारी सेवा नोंदवायची असली, की तो पूर्ण परवाना मागतो. तेव्हा स्क्रीन काळवंडते. मी सुरू केलेला प्रत्येक प्रोग्राम माझ्याच नावाने मागत असतो, म्हणून खरंच मी मागितलंय का हे यंत्राला मला विचारावं लागतं. बटण तळाला ओढणं म्हणजे किल्ली कपाटालाच लावून ठेवायची आणि ‘बाईंनी पाठवलंय’ म्हणेल त्याला आत सोडायचं.

“आणि स्क्रीन काळी का होते?” मी विचारलं. मला तीच सगळ्यात जास्त घाबरवायची.

तो म्हणाला, “त्या वेळी तू तुझ्या नेहमीच्या स्क्रीनवर नसतेसच. यंत्र एक वेगळा पडदा काढतं आणि मागे तुझ्या स्क्रीनचं नुसतं मंद चित्र ठेवतं. त्या पडद्यावर दुसऱ्या प्रोग्रामांना प्रवेश नाही. नाहीतर एखादा लबाड प्रोग्राम स्वतःच बाण हलवून ‘येस’ दाबेल, किंवा प्रश्नावर खोटी चिठ्ठी चिकटवेल.” म्हणून माझ्या क्लिकने मागचं काही हलत नव्हतं. म्हणून चित्र काढायचं बटणही चाललं नव्हतं. पहिल्या दिवशी मला जो बिघाड वाटला होता, तो बंदोबस्त होता.

हे कळल्यावर मला ते प्रश्न परके वाटेनासे झाले, आणि ते आले कुठून याची उत्सुकता लागली. कामापुरता हक्क, त्याहून जास्त नाही, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७५ साली एका निबंधात मांडलं होतं. घरगुती संगणकांवर ते यायला फार वर्षं लागली. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये घरोघरी लोक प्रशासक म्हणूनच बसत, आणि त्यांनी उघडलेलं जे काही असेल त्याला न विचारता सगळे हक्क मिळत. २००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा आलं आणि त्यात हा प्रश्न आला. लोक वैतागले, इतके की प्रतिस्पर्धी कंपनीने त्यावर जाहिरात काढली. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने उघड सांगितलं की लोकांना त्रास व्हावा हाच हेतू होता. वाचताना मी थबकले, पण पुढचं कारण मला पटलं. गरज नसताना पूर्ण हक्क मागणारे प्रोग्राम बाजारात भरमसाट होते. ग्राहकांची कुरकूर बनवणाऱ्यांच्या कानावर गेली तरच ते सुधारणार होते. आणि ते सुधारले. चार खाचांची ती दांडी २००९ च्या विंडोज ७ मध्ये आली. आज माझ्या लॅपटॉपवर महिना महिना स्क्रीन मंद होत नाही. सुरुवातीला पाच-सहा वेळा झाली, ती नवं यंत्र मांडताना होणारच होती. मी तेवढे पंधरा दिवस कळ काढली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

जाण्यापूर्वी भाच्याने बटण वरच्या बाजूला नेलं आणि दोन खाती करून दिली. रोजच्या कामाचं साधं, आणि प्रशासकाचं वेगळं. साध्या खात्यावर बसलं की यंत्र नुसतं हो-नाही विचारत नाही, प्रशासकाचा पासवर्डच मागतं. तो पासवर्ड मी कागदावर लिहून पाकिटात घातला आणि पाकीट दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात ठेवलं. माझ्या टेबलापासून कपाट बारा पावलांवर आहे. ही बारा पावलं मला फार उपयोगी पडली आहेत. बसल्या जागी बोट जितक्या लवकर ‘येस’वर जातं, तितक्या लवकर माणूस खुर्चीतून उठत नाही.

श्रावणात, पावसाची झड लागलेल्या दुपारी, वाचनालयाच्या फोनवर एक फोन आला. माणूस गोड बोलणारा, हिंदी-मराठी मिसळून. लॅपटॉपच्या कंपनीचं नाव त्याने बरोबर सांगितलं. वॉरंटी संपत आलीय, ग्रंथालयांसाठी सुरक्षेचं मोफत अद्ययावतीकरण आहे, दहा मिनिटांत करून देतो. नाव बरोबर होतं म्हणून मी ऐकत गेले. त्याने एक छोटा प्रोग्राम उतरवायला सांगितला. तो काही न विचारता चालू झाला. त्यावर दिसलेला आकडा मी फोनवर वाचून दाखवला, आणि माझ्या स्क्रीनवरचा बाण आपोआप हलू लागला. तो तिकडून चालवत होता. बाण सरसर फिरत होता, खिडक्या उघडत होत्या. त्याने एक फाइल उतरवली, तिच्यावर क्लिक केलं.

स्क्रीन काळवंडली. बाण जागच्या जागी थांबला.

फोनवर शांतता. मग तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला काय दिसतंय? माझ्याकडे काही दिसत नाहीये.”

त्या वाक्यासरशी मला भाच्याचा तो वेगळा पडदा आठवला. इतका वेळ माझं यंत्र माझ्यापेक्षा सफाईने चालवणारा माणूस आता मला विचारत होता की काय दिसतंय. मी चौकट वाचली. माथ्याची पट्टी निळी नव्हती, पिवळी होती. प्रकाशकाच्या जागी ‘अज्ञात’. खाली ‘अधिक तपशील’ होतं, ते दाबलं. फाइल कुठे आहे ते दिसलं, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, लांबलचक निरर्थक नावाची. पासवर्डची रिकामी जागा वाट बघत होती.

“पासवर्ड टाका आणि ‘येस’ करा मॅडम, नाहीतर प्रोसेस मध्येच तुटेल, लॅपटॉप खराब होईल.”

पासवर्ड कपाटात होता. उठायला हवं होतं. मी उठले नाही. ‘नो’ दाबलं, झाकण मिटलं, भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची पिन उपटली आणि फोन ठेवला. तो पुन्हा तीनदा वाजला. नंतर भाच्याने सगळं तपासलं. आत काही बसलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगते, कारण ती न सांगणं अप्रामाणिक होईल. हा प्रश्न सगळंच अडवत नाही. माझी यादी माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. माझ्या नावाने चाललेला कुठलाही प्रोग्राम तिला हात लावू शकतो, त्यासाठी पूर्ण परवाना लागत नाही आणि स्क्रीन मंद होत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम याचाच फायदा घेतात. त्या माणसाचा बाण माझ्या खिडक्यांतून हिंडत होता तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणून दर शनिवारी मी यादीची प्रत पेनड्राइव्हवर घेते आणि पेनड्राइव्ह काढून त्याच कपाटात ठेवते. पण खंडणीवाले बहुतेकदा आणखी एक काम करतात. विंडोजने मागच्या मागे जपलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती पुसून टाकतात, म्हणजे परतीची वाटच उरत नाही. त्यासाठी मात्र पूर्ण परवाना लागतो. तिथे राखणदार जागा असला तर फरक पडतो.

ज्यांना हे प्रश्न नकोसे होतात त्यांची चूक नाही. आम्हाला कुणी सांगितलेलंच नसतं की उत्तर त्या चौकटीत नाही, चौकट यायच्या आधीच्या क्षणात आहे. मी आत्ता काय केलं? प्रिंटरची फाइल उघडली आणि प्रिंटर बनवणाऱ्याचं नाव समोर आलं, तर ठीक. मी काहीच केलं नाही आणि प्रश्न आला, तर ‘नो’. ‘नो’ म्हटल्याने यंत्र बिघडत नाही. खरंच काही हवं असेल तर ते पुन्हा विचारेल, तोवर मला कुणालातरी फोन करता येतो. ‘येस’ मात्र मागे घेता येत नाही. इंग्रजी कच्चं असलेल्या माझ्यासारख्या बाईला हे एवढं पुरतं. ते मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्या दुकानातल्या मुलाला हात लावू दिला नसता. तो मुलगाही वाईट नव्हता. त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता अभ्यासिकेतली मुलं अर्ज भरायला आमच्या लॅपटॉपवर बसतात. गेल्या महिन्यात, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख होती त्या दिवशी, एक मुलगी भरलेल्या अर्जाची छपाई काढत होती. मी पुस्तकं लावत होते. तिने हाक मारली, “मॅडम, हे काहीतरी विचारतंय. पासवर्ड द्या ना, मागे रांग आहे.”

मागे खरंच पाच-सहा जण उभे होते. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. “पहिली ओळ मोठ्याने वाच.”

तिने वाचली. मग मी न सांगता खालचं नावही वाचलं.

“हे येण्याआधी तू काय केलंस?”

“काही नाही. प्रिंट दिली फक्त. हे मधेच आलं.”

“मग?”

तिने ‘नो’ दाबलं. स्क्रीन पुन्हा उजळली, प्रिंटरमधून तिचा अर्ज सरकत बाहेर आला. ते नाव मी माझ्या वहीत उतरवून घेतलं, भाच्याला विचारायला, आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला बसवलं.